मदत हवी आहे: रताळ्याच्या स्टार्चची फिल्म सुकताना तडकते

कंदवाला
रताळ्याच्या स्टार्चची फिल्म (प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा) ओततोय. सुकताना कडेने तडे जातात, मध्ये फुगे राहतात. जे तुकडे शाबूत निघतात तेही आठवड्याभरात पापडासारखे कडक होऊन मोडतात. फिल्म लवचीक राहावी म्हणून ग्लिसरीन घातलेलं आहे. वेफर्सची पाकिटं करायची आहेत आणि महिनाअखेरीस नमुने द्यायचेत. कृपया लवकर सांगा.

मोजूनमापून
स्टार्च किती, पाणी किती, ग्लिसरीन किती ग्रॅम? किती तापमानाला, किती वेळ शिजवता? कशावर ओतता, कुठे सुकवता?

हिरवाकोपरा
चमचाभर व्हिनेगर घाला. फिल्म पारदर्शक होते, सगळ्या व्हिडिओंत तेच दाखवतात.

मोजूनमापून
व्हिनेगर नको. आम्लात उकळलं की स्टार्चच्या साखळ्या तुटतात. खळ पातळ होते, सहज ओतता येते, म्हणून व्हिडिओत छान दिसते. पण जास्त वेळ शिजवली तर फिल्मची ताकद जाते, आणि इथे तक्रारच तडकण्याची आहे.

हिरवाकोपरा
थोड्याने काही होत नाही हो. मक्याच्या स्टार्चला मी नेहमी घालते.

मोजूनमापून
स्टार्च मक्याचा असो वा रताळ्याचा, आम्लात साखळ्या तुटतातच.

कंदवाला
स्टार्च ४० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर, ग्लिसरीन एक चमचा. घट्ट होईपर्यंत शिजवतो. स्टीलच्या ताटात ओतून उन्हात ठेवतो.

नियमवाचक
विकायचं असेल तर आधी कागदपत्रं बघा. 'कंपोस्टेबल' म्हणून विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि माल आयएस/आयएसओ १७०८८ मानकात बसावा लागतो. पिशव्यांची किमान १२० मायक्रॉन जाडीची अट कंपोस्टेबलला नाही, पण प्रमाणपत्र चुकत नाही.

कंदवाला
ते नंतर बघतो. तडे का जातात?

मोजूनमापून
एक चमचा म्हणजे ५ मिली, वजनाने साधारण ६.३ ग्रॅम. तुमच्या ४० ग्रॅम स्टार्चच्या जेमतेम १६ टक्के. २५ टक्क्यांखाली फिल्म ठिसूळच राहते. ३५-४० च्या वर गेलात तर ग्लिसरीन पृष्ठभागावर येतं आणि पावसाळ्यात थर एकमेकांना चिकटतात. ३० वर थांबा.

शिवाय खळ फार दाट आहे, त्यातून फुगे निघणार कसे? २० ग्रॅम स्टार्च, ४७५ ग्रॅम पाणी, ६ ग्रॅम ग्लिसरीन घ्या, सगळं वजनावर. स्टार्च आधी गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग भांडं गरम पाण्यात ठेवून ८५-९० अंशांपर्यंत न्या आणि २०-२५ मिनिटं हळूहळू ढवळत तिथेच ठेवा. खळ घट्ट झाली म्हणजे शिजली असं नाही: दाणे फुगलेले असतात, फुटून एकजीव झालेले नसतात. मिक्सर लावू नका, हवा आत जाते. उडालेलं पाणी वजन करून भरून काढा, झाकून थोडा वेळ गरमच ठेवा म्हणजे फुगे वर येतात, आणि ६० अंशांच्या आसपास ओता.

ओतायचं मोजूनच: प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पाव ग्रॅम. ३० × २० सेंमीच्या ट्रेला १५० ग्रॅम खळ, त्यातून साधारण ०.१ मिमीची फिल्म मिळते. ट्रे पाणसळीने सपाट करा, नाहीतर एक कड पातळ राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

ऊन बंद. वरची साय आधी सुकून आकसते, खालचा थर ओला असतो. त्यात स्टीलला कडा घट्ट चिकटतात, मग आकसण्याचा ताण कुठे जाणार? अॅक्रिलिकचा पत्रा किंवा टेफ्लॉनचं कापड वापरा, ४० अंशांवर रात्रभर सुकवा. निघताना फिल्म करकरीत लागली तर ओढू नका, दमट हवेत काही तास ठेवा.

सागरतळ
यात अगर-अगर (समुद्री शेवाळापासूनची जेली) घातलं की सगळे प्रश्न मिटतात. २० ग्रॅम स्टार्चला १ ग्रॅम. वेगळं उकळून विरघळवायचं आणि ४० अंशांच्या खाली जाऊ न देता ओतायचं, नाहीतर ट्रेच्या आधी भांड्यातच थिजतं.

मोजूनमापून
ताकद वाढेल, मान्य. पण आठवड्याने कडक होणं अगरने थांबणार नाही. शिजलेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन स्फटिक बांधतात, ते होतंच. ग्लिसरीनचा एक तृतीयांश भाग काढून तेवढं सॉर्बिटॉल घाला (तेही ग्लिसरीनसारखं फिल्म मऊ ठेवतं), फरक दिसेल. निव्वळ सॉर्बिटॉल नको, त्याचे पांढरे स्फटिक फिल्मवर येतात.

साबुकंद
स्टार्च विकतचा की घरी काढलेला?

कंदवाला
घरी काढलेला. किंचित तपकिरी आहे.

साबुकंद
मग चोथा राहिलाय. चोथ्याचा प्रत्येक कण म्हणजे तड्याची सुरुवात. किसून लगेच पाण्यात टाका, पाण्यात ०.१ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट, रंग जाईल. मलमलीतून दोनदा गाळा, निवळू द्या, वरचं पाणी ओतून पुन्हा धुवा. साखर जाईपर्यंत. नाहीतर सेलमचा टॅपिओका स्टार्च आणा, साबुदाण्याचाच कच्चा माल आहे तो, स्वच्छ मिळतो.

मोजूनमापून
एक महत्त्वाचं: वेफर्सना ही फिल्म चालणार नाही. तेल आणि कोरड्या हवेत ऑक्सिजन ती छान अडवते, पण पाण्याची वाफ आरपार जाते, वेफर्स सादळतात. कोरड्या मसाल्याच्या लहान पुडीला, तेही आतल्या वेष्टणासाठी, विचार करा. खात्री करायची तर बरणीत वाळवलेलं सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) घाला, तोंडाला फिल्म मेणाने पक्की करा, आणि बरणी मिठाच्या संपृक्त पाण्याच्या वाटीसोबत बंद डब्यात ठेवा. तिथे आर्द्रता ७५ टक्के राहते. रोज बरणीचं वजन करा, जितकं वाढेल तितकी वाफ फिल्ममधून आत आली. एरवीच्या वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा दुसऱ्या बरणीवर लावून सोबत ठेवा.

कंदवाला
सिलिका जेल किती घालू?