चर्चा: 'विश्व अनंत घनतेच्या बिंदूतून जन्मलं' हे वाक्य वर्गात शिकवावं का?

फोंड्याचा मास्तर
पणजीत परवा एका विज्ञान व्याख्यानात वक्ते म्हणाले, "विश्व अनंत घनतेच्या बिंदूतून जन्मलं, त्याआधी काहीच नव्हतं." सोबत नेलेल्या माझ्या बारावीच्या मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं. माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य शिकवणं थांबवायला हवं.

अनंत घनता कुणी पाहिलेली नाही. आइन्स्टाइनची समीकरणं काळात मागे नेत गेलं की ती उत्तरात येते. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींचं १९५५चं समीकरण सांगतं की गुरुत्वाकर्षण फक्त ओढतच राहिलं तर वस्तुमानाच्या वाटा एकत्र येऊन आदळणारच. पेनरोज आणि हॉकिंग यांची सिंग्युलॅरिटीची (जिथे समीकरणंच कोलमडतात त्या टोकाची) प्रमेयं त्यावरच उभी आहेत. पण त्यांत पुंजभौतिकी (अतिसूक्ष्म जगाचे क्वांटम नियम) कुठेच नाही, आणि नेमकी तिथेच तिची गरज पडते.

गुरुत्वाकर्षणाला पुंजनियम लावणारा एक सिद्धांत म्हणजे लूप क्वांटम ग्रॅव्हिटी. त्यात क्षेत्रफळ हवं तेवढं लहान करता येत नाही, त्याला किमान तुकडा असतो. त्यामुळे विश्वाच्या प्रसरणाच्या समीकरणात घनतेसोबत एक वजाबाकी येते: (१ − घनता ÷ कमाल घनता). एरवी तिचा परिणाम शून्यच म्हणा. पण घनता प्लँक घनतेच्या (निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांतून निघणाऱ्या प्रचंड घनतेच्या) साधारण ०.४१ पट झाली की कंस शून्य होतो, आधीचं आकुंचन थांबतं आणि विश्व उसळी घेतं, म्हणजे पुन्हा पसरू लागतं. ही घनता म्हणजे घनमीटरमागे सुमारे २ वर ९६ शून्यं इतके किलो. आकडा अचाट आहे, पण अनंत नाही. अष्टेकर, पावलोव्स्की आणि सिंग यांनी २००६ साली ही गणितं मांडली. आणि हे अभय अष्टेकर आपल्या शिरपूरचे, हे मुलांना आवर्जून सांगावं.

मांडवीकाठ
मास्तर, पहिल्या निम्म्या भागाशी शंभर टक्के सहमत. पण तुम्ही एक ठाम वाक्य खोडून त्या जागी दुसरं ठाम वाक्य लिहिताय.

या प्रतिमानात विश्व आधीच सगळीकडे सारखं मानून घेतात आणि मग त्याला पुंजनियम लावतात. खरं विश्व असं गुळगुळीत नसेल तर? पूर्ण सिद्धांतातून ही उसळी कुणी अजून काढून दाखवलेली नाही. आणि ते ०.४१ कुठून आलं? सिद्धांतात एक मोकळा स्थिरांक आहे, त्याची किंमत कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीच्या (अव्यवस्थेच्या मापाच्या) हिशेबातून आणून इथे बसवली आहे. ती बदलली की तुमचा आकडाही बदलतो.

फोंड्याचा मास्तर
आकडा बदलेल, उसळी जात नाही. त्याच २००६च्या कामातली एक गोष्ट मला फार पटते. तेच साधं विश्व, तेच पदार्थक्षेत्र जुन्या व्हीलर-डीविट पद्धतीने (जिथे पुंजनियम आहेत, पण क्षेत्रफळाचा किमान तुकडा नाही) सोडवलं तर तरंगफल, म्हणजे विश्वाची पुंजस्थिती सांगणारं गणिती फल, सरळ सिंग्युलॅरिटीत जाऊन पडतं. म्हणजे नुसतं 'पुंज' म्हटल्याने काम होत नाही. क्षेत्रफळाचा किमान तुकडा आला तरच ते वाचतं. मनाजोगं उत्तर आधी ठरवून गणित केलं असतं तर हा फरक दिसला नसता.

म्हापशाची शिक्षिका
दोघांनाही देव बरें करूं. पण पुरावा आकाशात कुठे शोधायचा? मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात.

मांडवीकाठ
बाई, शोधायचा तो सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीत, म्हणजे आरंभीच्या विश्वातून उरलेल्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या क्षीण प्रारणात, मोठ्या कोनांवर. हे प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापात तिथले चढउतार अपेक्षेपेक्षा थोडे कमी भरले, आणि उसळीतून हे समजावण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण पाहायला आकाश एकच आहे. तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. त्यात इन्फ्लेशन (सुरुवातीचं अतिवेगवान प्रसरण) झालं असेल, तर आधीच्या खुणा इतक्या ताणल्या गेल्या असतील की बहुतेक आपल्या दृष्टीच्या पलीकडे गेल्या. म्हणून मी अडून बसलोय.

डिचोलीकर
एक मुद्दा दोघांकडूनही निसटतोय. हार्टल आणि हॉकिंग यांच्या १९८३च्या प्रस्तावातही सिंग्युलॅरिटी नाही, पण उसळीही नाही. तिथे सुरुवातीजवळ काळ अवकाशासारखा वागतो, त्यामुळे 'आधी' विचारण्यात अर्थच उरत नाही. म्हणजे त्या वक्त्यांच्या वाक्याचे दोन तुकडे वेगवेगळे तपासावे लागतील. 'अनंत घनता' दोन्ही प्रतिमानांत जाते. 'त्याआधी काहीच नव्हतं' हे एकात खोटं ठरतं, दुसऱ्यात जवळपास टिकतं.

फोंड्याचा मास्तर
हे मान्य. पहिला तुकडा मी उद्याच खोडायला लावतो. दुसऱ्यावर मात्र माझा कल उसळीकडेच आहे, कारण तिथे आकडे काढता येतात, समीकरण चालवून पाहता येतं. हार्टल-हॉकिंगच्या तरंगफलाचा अर्थ कसा लावायचा यावरच अजून भांडणं आहेत.

मांडवीकाठ
कल असू दे, पण फळ्यावर 'सिद्ध' लिहू नका. रायचौधुरींचं समीकरण लिहा, त्यातलं कुठलं पद गुरुत्वाकर्षणाची ओढ दाखवतं ते मुलांना ओळखू द्या, आणि मग विचारा की वाटा आदळू नयेत म्हणून त्या पदाचं काय व्हायला हवं. बारावीची मुलं एवढं नक्की करतील. १९८७ साली गुरुत्वाकर्षण आणि विश्वविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद याच गोव्यात भरली होती, २०११ साली पुन्हा भरली. आपल्या मुलांना तयार उत्तरं पुरवून गप्प करायचं काही कारण नाही.