एचएसके चारनंतर चिनी शिकणं म्हणजे वेळ वाया? साफ अमान्य

अरुंधती_का:
परवा इथे एकाने लिहिलं की एचएसकेची, म्हणजे परदेशी लोकांसाठीच्या चिनी भाषेच्या परीक्षेची, चौथी पातळी झाली, बाराशे शब्द आले, की थांबा. पुढे अक्षरं गिरवणं, तांग काळातल्या कविता, चौअक्षरी म्हणी हे सगळे हौशी लोकांचे चोचले, उरलेलं मोबाइल बघतो. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. चौथ्या पातळीवर तुम्हाला कळतं ते तुमच्यासाठी मुद्दाम सावकाश बोललेलं. दोन चिनी माणसं आपापसांत बोलायला लागली की तुम्ही बाहेर. परीक्षेच्या जुन्या पद्धतीत पाचव्या पातळीला अडीच हजार शब्द आणि सहाव्या पातळीला पाच हजार. २०२१च्या नव्या आराखड्यात नवव्या पातळीपर्यंत अकरा हजारांवर. बातम्यांत वाङ्मयीन चिनीतले आखूड शब्द सर्रास येतात, म्हणी तर शाळकरी पोरंही वापरतात. ज्यांना हे चोचले वाटतात त्यांनी एक अग्रलेख शेवटपर्यंत वाचून दाखवावा.

यिवूचा_फेरीवाला:
ती पोस्ट माझीच. मी चीनमधल्या यिवूच्या घाऊक बाजारातून इमिटेशन ज्वेलरी आणतो. बोलायचं काय, तर भाव, किमान ऑर्डर, माल कधी सुटणार. तांग काळातल्या ली पाइ या कवीची चंद्रावरची कविता म्हणून दाखवली तर कुणी भाव पाडत नाही. आणि हाताने अक्षरं लिहिणं हा तर निव्वळ छळ! पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतले चिनी उच्चार, टाइप करून करून खुद्द चिनी लोक लिहायला विसरतात. संगणकावरच्या एचएसकेतही टाइपच करायचं असतं. मग आम्ही वह्या का भरायच्या?

पिनयिनपीडित:
वह्या राहू द्या, आधी उच्चार सुधारा. आपल्याकडे पिनयिन इंग्रजीसारखं वाचायला शिकवतात, म्हणून पाचवी पातळी पास झालेलेही 'बेजिंग' म्हणत फिरतात. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प, डी म्हणजे त, टी म्हणजे थ, आणि झेड म्हणजे चमच्यातला च. देवनागरीत बरंचसं आयतं आहे! वर्गात हे बोललो तर मला गप्प बसवलं.

अरुंधती_का:
उच्चारांचं पटलं, पण विषय तो नाही. यिवूवाले, तुम्ही मालाची पावती स्वतः वाचता का? छोट्या कारखान्यातून हाताने लिहिलेली चिठ्ठी येते. घाईत तीन-चार रेघा एकाच फटकाऱ्यात जातात. कुठली रेघ आधी, कुठली नंतर हे हाताला माहीत असेल तरच असलं अक्षर लागतं. एक हा आकडा म्हणजे नुसती आडवी रेघ. वर आणखी एक ओढली की दोन, उभी मारली की दहा. असा फेरफार होऊ नये म्हणून रकमेचे आकडे वेगळ्या, भरगच्च अक्षरांत लिहितात. तेही तुमच्या बाराशेत नाहीत.

यिवूचा_फेरीवाला:
फोटो काढला की ॲप वाचतं. हाताचं लिहिलेलं चुकतं, कबूल. त्यासाठी एजंट ठेवलाय, कमिशन देतोच.

दक्षिणकसबा:
एजंट! आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ला चीनला गेले, तेव्हा कुठला एजंट होता? तिथे जाऊन भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थ्यांना शिकवलं, आणि १९४२ला तिथेच वारले.

यिवूचा_फेरीवाला:
कोटणीसांना मध्ये ओढू नका. ते रुग्णसेवेला गेले, मी पोटासाठी जातो. दर वेळी पुस्तकी मंडळी आम्हा व्यापाऱ्यांना अडाणी ठरवतात, त्याचा मनस्वी राग येतो.

क्वांगचौ_वारी:
भाऊ, मीही व्यापारीच, तरी तुमच्या विरुद्ध. कारखान्याच्या मालकाने जेवायला नेलं, माझ्या वडिलांना दाराकडे तोंड असलेल्या मानाच्या खुर्चीवर बसवलं. पेले टेकवताना त्याने आपला काठ वडिलांच्या पेल्याखाली धरला. वडिलांना रीत ठाऊक होती, त्यांनी आपला त्याहून खाली नेला. दोघांचे पेले टेबलाला टेकायला आले! दुसऱ्या दिवशी आगाऊ रक्कम तीस टक्क्यांची वीस झाली. हे कुठल्या ॲपने केलं असतं?

यिवूचा_फेरीवाला:
वा! उरलेले वीसही माफ करून आणा, मग कविता पाठ करतो. एका जेवणावरून नियम होत नाही. पावतीवरचे ते भरगच्च आकडे मात्र शिकतो, तेवढे पैशाचे आहेत. वह्या भरणार नाही.

अरुंधती_का:
शिका, पण नुसते बघून नाही. रेघांच्या क्रमाने हाताने लिहा. नाहीतर पुढची चिठ्ठी पुन्हा एजंटकडेच जाणार.

पिनयिनपीडित:
आणि आकडे मोठ्याने म्हणा. आठाला 'बा' नाही, 'पा'.