स्ट्रॅटेजीचं पुस्तक पटावर मांडून कसं वाचावं?

पटमांड: बुद्धिबळाच्या स्ट्रॅटेजीचं जाडजूड पुस्तक हाती घेतलंय. स्क्रीनवर क्लिक करत गेलं की डोक्यात काही राहत नाही, म्हणून लाकडी पटावर सोंगट्या मांडून वाचतो. अडचण अशी, की लेखक मध्येच कंसात लांबलचक व्हेरिएशन (खेळलेल्या चालीऐवजी होऊ शकल्या असत्या अशा चाली) देतो. ते पटावर खेळून पाहिलं की मूळ स्थिती मोडते आणि परत लावताना एखादं प्यादं भलत्याच घरात बसतं. रोज जेमतेम एक तास मिळतो. पट एकच आहे, नवीन काही घ्यायचं नाही. तुम्ही कसं करता?

वजीरबाजू: दुसरा पट घ्याच. मुख्य डाव मोठ्यावर, व्हेरिएशन छोट्या चुंबकीय पटावर. माझा तसाच आहे, पुस्तकाशेजारी आरामात मावतो.

तिरकाउंट: चुंबकीय अजिबात नको. माझ्याकडच्या सेटमध्ये उंट आणि प्यादं पटकन ओळखू येत नाही. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) मापाचा सेट घ्या: राजा ९.५ सेंमी, घर ५ ते ६ सेंमी. स्पर्धेत तेच समोर येतं, नजरेला तीच सवय हवी.

वजीरबाजू: धागाकर्ते स्पर्धेबद्दल बोललेलेच नाहीत. व्हेरिएशन बघायला एवढा मोठा राजा कशाला?

हत्तीसातवी: पटावर फक्त मुख्य डावाच्या चाली खेळा. कंसातलं सगळं पटाकडे बघत डोक्यात. तीन-चार चालींनंतर चित्र धूसर झालं तर तिथेच थांबा, तेवढी तुमची आजची मजल. हळूहळू वाढते. आणि पुढची चाल कागदाने झाकून आधी स्वतःची चाल ठरवा, कारणासकट.

उदाहरण देतो. तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका (पांढरा) विरुद्ध टार्टाकोवर (काळा), न्यूयॉर्क १९२४. पांढऱ्याचा हत्ती एच७वर (उभी रांग एच, आडवी सातवी), काळ्याचा राजा एफ८वर अडकलेला. ३५वी चाल झाका आणि विचार करा. बहुतेक जण सी३चं प्यादं वाचवायला धावतात. कापाब्लांका राजा जी३वर नेतो. काळा शह देत सी३ खातो, मग शह देतच एफ४ही खातो आणि पांढरा राजा एच४, जी५ करत एफ६वर पोचतो. आता एच८वर हत्तीची मात समोर उभी! नुसतं वाचलं तर ‘राजा सक्रिय ठेवा’ एवढं एक वाक्य उरतं. झाकून खेळलं तर ती दोन प्यादी सोडताना पोटात गोळा येतो, आणि तो आला की डाव विसरत नाही.

रात्रपाळी: +१. कागदाने झाकणं फार महत्त्वाचं. मी तर रोज तीन तास असाच बसतो, त्याशिवाय प्रगती नाही.

थेटमात: एवढा खटाटोप कशाला? इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम, लावा. जुन्या लेखकांच्या विश्लेषणात इंजिनला ढीगभर चुका सापडतात.

हत्तीसातवी: चुका सापडतात, मान्य. पण इंजिन कोण किती पुढे याचा आकडा देतं, कारण देत नाही. आधी स्वतःचं मत वहीत लिहा, इंजिन शेवटी.

थेटमात: शेवटी म्हणजे तोवर चुकीचंच पाठ झालेलं असतं.

जुनीवही: पुस्तक जुनं असेल तर आधी नोटेशन (चाली लिहिण्याची पद्धत) बघा. वर्णनात्मक पद्धतीत दोन्ही बाजू आपापल्या कडेपासून घरं मोजतात, त्यामुळे एकाच घराला दोन नावं. फिडेने ती पद्धत १९८१ पासून मान्य करणं सोडलं, पण जुन्या छापील पुस्तकांत ती भेटतेच.

तिरकाउंट: पुन्हा सांगतो, सोंगट्यांचं माप!

पटमांड: सगळ्यांचे आभार. दुसरा पट घेत नाही, इंजिनही नको. कागद मात्र उचलला. पण काल कापाब्लांकाचा तो डाव काळ्याच्या बाजूने बसून मांडला आणि भलतंच काही दिसलं. सी३चं प्यादं शहासकट फुकट मिळतंय म्हटल्यावर मीही ते खाल्लंच असतं. चांगल्या चालीपेक्षा समोरच्याचा मोह कुठे आहे ते तिकडून लख्ख कळतं. तेव्हा मी पुस्तकातला प्रत्येक डाव आधी हरलेल्याच्या बाजूने बसूनच झाकून खेळणार आहे. तासात एकच डाव होईल, चालेल.

हत्तीसातवी: दोन्ही बाजूंनी करा हो. नुसत्या हरलेल्या बाजूने योजना शिकता येत नाही.

पटमांड: तुमचं म्हणणं पटतंय, पण महिनाभर तरी काळ्याकडूनच.