आजाच्या कापसाच्या वहीसाठी डॉलर-रुपयाचे जुने भाव पाह्यजेत, भरोशाचे कुठं भेटतील?

पऱ्हाटीवाला, केळापूर
नमस्कार मंडळी. घर उकलताना माह्या आजाची कापसाची वही सापडली, लाल फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेली. १९५९ पासून २००१ पर्यंत दरसाली किती कापूस निंगाला, बंडी (बैलगाडी) कोन्या जिनात, म्हणजे रुई अन् सरकी येगळी करायच्या कारखान्यात, नेली, काय भाव भेटला, सारं जांभळ्या पेन्सिलीनं लिवलेलं हाय. १९९० च्या दिवाळीनंतरच्या पानावर क्विंटलले ९०० अन् पुढच्या साली ११५०, अन् त्या ११५० खाली आजानं दोन रेघा मारल्या. त्याच साली घरावर टिनं चढले, आई सांगते.
मले हे भाव डॉलरमंदी काढून पाह्यचे हायत, कारण आपला कापूस अमेरिकेच्या बाजाराकडं पाहूनच वरखाली होते. पण नेटवर एका जागी लिवलं का १९४७ ले एक डॉलर म्हणजे एक रुपया, दुसऱ्या जागी ३.३०. कोन्तं खरं? फुकटातलं चांगलं काही असन तं सांगजा.

वर्धेकर काका
एक रुपयावालं साफ खोटं आहे भाऊ, दर पंधरा ऑगस्टला फिरते ते. तेव्हा रुपया डॉलरला नाही, पौंडाला बांधलेला होता, एका रुपयाचे १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पौंडाला १३.३३ रुपये. अन् पौंडाचे ४.०३ डॉलर. स्वतः भागून पाहा, ३.३० च येते.
मग सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड २.८० डॉलरवर उतरवला, आपण त्याच्यासोबत उतरलो, डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. तो थेट ६ जून १९६६ पर्यंत तसाच. त्या दिवशी इंदिरा गांधींच्या सरकारनं अवमूल्यन केलं अन् ७.५० झाला, तो १९७१ सरेपर्यंत. म्हणजे तुमच्या वहीच्या पहिल्या बारा-तेरा वर्षांसाठी तक्ता शोधायची गरजच नाही, दोन आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.
१९७३ च्या जानेवारीपासून पुढचं अमेरिकेच्या सेंट्रल बँकेचं फ्रेड नावाचं संकेतस्थळ आहे, तिथं महिन्याचे अन् रोजचे दोन्ही भाव फुकट डाउनलोड होतात, एक्सेलमध्ये उघडते. माझा पहिला सल्ला तोच. दुसरं रिझर्व्ह बँकेचं आकडेवारीचं हँडबुक, दरवर्षी निघते, तेही फुकट.

अकोटची सरकी
काकांचं बरोबर, पण हँडबुकातली वर्षाची सरासरी घेऊ नका, तिथंच सगळे फसतात. १९९१ पाहा. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपया उतरवला, २१ च्या आसपासचा डॉलर २६ च्या जवळ गेला. आता जानेवारी ते डिसेंबर सरासरी घेतली तर २२.७४ येते अन् एप्रिल ते मार्च घेतली तर २४.४७, दोन्ही खऱ्या, अन् दोन्ही तुमच्या कामाच्या नाहीत, कारण कापूस विकला दिवाळीनंतर, तेव्हा डॉलर पंचवीसच्या वर होता. ज्या महिन्यात बंडी जिनात गेली त्याच महिन्याचा भाव घ्या. वहीत तारीख आहे ना?
मी तुमचे आकडे करून पाह्यले. ९०० ला १८ नं भागा, ५० डॉलर. ११५० ला २५.८० नं भागा, साडेचव्वेचाळीस. रुपयात अडीचशे वाढले अन् डॉलरात साडेपाच कमी झाले. आजोबांनी ज्या आकड्याखाली रेघा मारल्या त्या साली बाहेरच्या हिशेबानं कापूस स्वस्त गेला होता. हे पाहून मला रात्री झोप नाही आली, खरं सांगतो.

दारव्ह्याचा मास्तर
एक गोष्ट राहून गेली. न्यूयॉर्कचा भाव रुईचा असते अन् पौंड वजनावर सेंटमध्ये, वहीतला भाव सरकीसकट कापसाचा. एका क्विंटलात रुई निंगते ३४ किलोच्या आसपास, म्हणजे ७५ पौंड. ८० सेंटचा भाव धरला तर ६० डॉलरची रुई, वरून सरकीचे पैसे वेगळे. हे न करता सरळ ताडून पाह्यलं तर आपल्याला लुटलं असंच वाटन, अन् काही साली ते खरंही असन, पण हिशेब आधी बरोबर पाह्यजे. अन् १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, त्या वर्षांत व्यापाऱ्याचा नाही, सरकारनं ठरवलेला भाव भेटे, अन् चुकारा उशिरानं. त्या पानांवर पैसे हातात कधी आले तेही लिवलं असन तर नक्की टिपून ठेवजा.

पऱ्हाटीवाला, केळापूर
सगळ्यायचे लय आभार. फ्रेडवरून १९७३ पासूनचं उतरवून घेतलं. तारखा हायत, चुकाऱ्याच्याही हायत, एका साली तं कापूस मार्गशीर्षात देला अन् पैसे जेठात. पण १९५९ ते ६१ च्या पानावर क्विंटल नाही, 'म' लिवलं हाय. ते मण का?

वर्धेकर काका
मणच. सरकारी मण ३७.३२ किलो, पण गावोगावचा मण वेगळा राहे, म्हणून त्याच पानावर बंडीचं पूर्ण वजन अन् एकूण पैसे लिहिले असतील तर आधी ते पाहा. फोटो टाकता आला तर टाका, 'म' च्या बाजूला शेर लिहिले असतील.