दिल्ली–टोकियो: जाताना सात तास, येताना साडेनऊ! तुमचे अनुभव लिहा

निवांतदुपार: भाची तिकीट काढतेय. काल विचारत होती, "मावशी, अंतर तेच, मग येताना दोन-अडीच तास जास्त का दाखवतायत?" आणि मला आई आठवली. माझ्या बाळंतपणाला टोकियोला आली होती. दिल्लीहून रात्री निघाली, जेवण झालं, जरा डोळा लागतो तोच उतरायची वेळ. परतताना दिवसाचं विमान, तास सरता सरेनात. घरी पोचल्यावर फोनवर म्हणाली, "तुला सोडून निघाले ना, म्हणून वाट सरत नव्हती." मी तिला कारण सांगत बसले नाही. सरळ मोजलं तर सुमारे ५८५० किमी, इकडून काय नि तिकडून काय. लिहा तुमचेही.

केदार७: जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जपानवर ताशी ३०० किमीच्याही वर जातो. जाताना पाठीशी, येताना समोरून. १९२०च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी जपानमधल्या तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला. जगाला वाचता यावा म्हणून अहवाल एस्परांतोत, म्हणजे सगळ्या देशांसाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला, आणि बाहेर फारसा कुणी वाचलाच नाही. मला फार हळहळ वाटते त्या माणसाची.

रानजाई: जानेवारीत परत आलो, संपता संपेना. लेक मांडीवर, नुसता रडत होता. शेजारच्या जपानी आजींनी कागदाचे पक्षी करून दिले एकामागून एक. भाषा कळत नव्हती, पण देव भेटल्यासारखं झालं.

सई_म: आई बाळंतपणाला आली हे वाचूनच डोळे भरले. माझ्या आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. बाकी नंतर, कुकर झालाय.

निवांतदुपार: सई 🫂 सावकाश लिही गं.

पिंपळपान: @केदार७ नकाशात सरळ वाट तिबेटवरून दिसते. आमचं विमान म्यानमार आणि चीनमधल्या कुनमिंगवरून का गेलं?

केदार७: तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच. केबिनमधला दाब गेला तर श्वास घेता यावा म्हणून विमानाला तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, तिथे जमीनच त्याच्या वर! म्हणून बहुतेक विमानं वळसा घेतात. प्रत्यक्ष उडणं ५८५०पेक्षा जास्तच होतं.

अण्णा_निवृत्त: घड्याळ साडेतीन तास पुढे. रात्री नऊला दिल्ली सोडली की तिथे सकाळी आठच्या सुमारास, पण अंगाला पहाटेचे साडेचारच वाटतात. आमच्या वयाच्या लोकांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवाव्यात.

पिंपळपान: येताना दिवसाचं विमान असेल तर उजवी खिडकी घ्या. ईशान्य भारतावर आल्यावर हवा स्वच्छ असली तर हिमालय दिसतो. आम्ही तर जेवणाचा ट्रे तसाच ठेवून बघत बसलो होतो.

निवांतदुपार: भाचीला लगेच कळवते! रानजाई, ते पक्षी कसे करायचे, आठवतंय का?

रानजाई: घड्या आठवतात. लेक झोपला की फोटो काढून टाकते. चौकोनी कागद लागतो, वहीचं पान चालणार नाही.