इलेक्ट्रिक गाडीतलं ॲडास गावरस्त्यावर बंद ठेवावं का?

काळीमाती:
माझं मत, घाटंजी-आर्णीकडच्या आतल्या रस्त्यांवर ॲडास, म्हणजे कॅमेरा-रडारवर चालणारं चालक-सहाय्य, पूर्ण बंद ठेवावं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, भरलेली बैलबंडी ताशी तीन-चार किलोमीटरनं चालते. रडारच्या हिशेबी ती जवळपास उभीच, आणि उभ्या वस्तूंवरून परतलेल्या लहरी बरीच रडारं मुद्दाम गाळतात. नाहीतर प्रत्येक पाटीला, पुलाच्या कठड्याला गाडी ब्रेक मारेल. मग भिस्त कॅमेऱ्यावर. त्याला शिकवलेली असते कार, ट्रक, दुचाकीची पाठ. रात्री, बिनदिव्याचा, मागे हातभर लोंबणारा भारा त्यानं ओळखलाच तर उशिरा. ट्रॉलीबाहेर आलेल्या सळ्यांचं तर विचारूच नका. अंतर मोजलं जातं ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत. सळीचं टोक त्याच्या कितीतरी अलीकडे.

वऱ्हाडीचाक:
भाऊ, रोग बरोबर, औषध उलटं. ॲडास हे एकच बटण नाही. लेन-सहाय्य (गाडी पट्ट्यांच्या आत धरणारं) आणि क्रूझ (वेग आपोआप धरून ठेवणारं) बंद करा, आपोआप ब्रेक चालूच ठेवा. 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डिपरच्या उजेडात बिनरिफ्लेक्टरची बंडी 40-50 मीटरवर दिसते. पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा, 33 मीटर तिथंच गेले. थांबायला कोरड्या डांबरावर आणखी 35. म्हणजे डोळे उघडे असलेला माणूसही धडकतोच. यंत्रानं 80 चा वेग 40 वर आणला, तरी धडकेची ऊर्जा चौथाई होते. ते का सोडायचं?

काळीमाती:
आणि खोटा ब्रेक? वळणावर समोरची एसटी आपल्याच वाटेत आहे असं समजून गाडी दचकते. मागे कापसाचा ट्रक चिकटलेला असला तर?

वऱ्हाडीचाक:
ट्रक चिकटू देणं ही चूक आधीची.

धुरा:
लेनचं सांगतो. बहुतेक गाड्यांत ते 60 च्या आसपास जागं होते. अरुंद डांबरावर समोरून ट्रक आला का आपण डावं चाक साईडपट्टीवर उतरवतो. रस्त्याले नवा पांढरा पट्टा मारला असन, तं त्याच वक्ती स्टेअरिंग वर ओढते. इंडिकेटर देल्ला का सोडते, पण चाक खाली उतरवताना इंडिकेटर देते कोण? अन् काही गाड्यांत बंद केलेलं लेन-सहाय्य पुन्हा स्टार्ट केल्यावर आपोआप चालू होते, निघताना पाहून घ्या.
दुसरं, बॅटरी 100 टक्के भरली असन तं रीजन, म्हणजे पाय सोडला का मोटरच गाडी हळू करून बॅटरी भरते ते, कमी लागते. ॲक्सिलेटर सोडून गाडी हळू करायची सवय झालेल्याले पहिले काही किलोमीटर ब्रेकवरच पाय ठेवा लागन. हे ॲडासचं पाप नाई, पण रोही (नीलगाय) आडवा आला का फरक पडते.

काळीमाती:
रोह्याचं तर यंत्राला अजून अवघड. पण माझा खरा आक्षेप दुसरा आहे. पांदणीतून निघालं की बंपरवर काळा चिखल, रडार त्याच्यामागे. समोरची काच बदलली की कॅमेरा कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याचा नेम पुन्हा जुळवावा लागतो, आणि त्याची सोय तालुक्याला सहसा नसते.

वऱ्हाडीचाक:
हे मान्य. चिखल ओल्या फडक्यानं काढा, कॅमेऱ्यासमोरची काच पुसा. कॅलिब्रेशन होईपर्यंत त्या आपोआप ब्रेकवर भरवसा नको, आणि रात्री 50 च्या आत चालवा. तेव्हा दीड सेकंदात 21 मीटर, थांबायला 14; बंडी दिसल्यावर गाडी थांबते.