कॅशलेस दावा मंजूर होऊनही ६९,८०० रुपयांच्या बिलातले २३,८०० रुपये मला का भरावे लागले?

कंदीपेढा

नमस्कार. गेल्या ऑगस्टमध्ये खंबाटकी घाट उतरताना पुढच्या टेम्पोने भर पावसात अचानक ब्रेक दाबला आणि माझी गाडी त्याच्या फाळक्यावर जाऊन आदळली. कोणालाही इजा झाली नाही. गाडी ११९७ सीसीची असून तिचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा आहे. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी लावताना 'कॅशलेस आहे, तुम्हाला काही बघायला नको' असे मला सांगण्यात आले होते. मात्र गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी कंपनीने ४६,००० रुपयेच मंजूर केल्याचे कळले आणि उरलेले २३,८०० रुपये भरल्याशिवाय किल्ली मिळाली नाही.

बिलाचा तपशील करांसह असा आहे: बॉनेट, रेडिएटर आणि डावा फेंडर मिळून २१,००० रुपये, पुढचा बंपर, जाळी आणि हेडलॅम्प मिळून १५,०००, पुढची काच ६,०००, रंगकाम १२,०००, मजुरी १०,०००, कूलंट, एसीचा गॅस, क्लिपा वगैरे २,०००, आणि मागच्या बंपरचे काम ३,८००. दावा मंजूर झाला म्हणजे नुकसान भरून मिळाले अशी माझी समजूत होती. वर्कशॉपने मला फसवले, की कंपनीने?

पत्र्याचा माणूस

मी बारा वर्षे बॉडीशॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळे डिलिव्हरीच्या काउंटरवर होणारा हा वाद मला तोंडपाठ आहे. कॅशलेस या शब्दाचा अर्थ एवढाच, की कंपनीच्या वाट्याची रक्कम ती थेट वर्कशॉपला देते आणि तुम्हाला आधी सगळे पैसे भरून मग तिच्या मागे फिरावे लागत नाही. कंपनीचा वाटा किती, हे या शब्दावरून ठरत नाही. किल्ली देण्याच्या दिवशी नव्हे, तर गाडी आत घेण्याच्या दिवशीच हे सांगायला हवे होते आणि तेवढ्यापुरता दोष वर्कशॉपचा आहे.

मागच्या बंपरचे ३,८०० रुपये मात्र सोडून द्या. सर्व्हेअर, म्हणजे कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला माणूस, येतो तेव्हा तो गाडीभोवती फिरून फोटो काढतो, चॅसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने त्याची छाप घेतो आणि प्रत्येक मार कोणत्या दिशेने बसला ते पाहतो. पुढून टेम्पोवर आदळलेल्या गाडीचा मागचा बंपर त्याच अपघातात फुटला, हे तो कसे मान्य करील? ते जुने नुकसान असेल आणि वर्कशॉपच्या अॅडव्हायझरने 'बघू, बसले तर बसले' म्हणून ते इस्टिमेटमध्ये घुसवले असेल. आम्हीही ते करत असू.

घसाऱ्याचा हिशेब

फसवणुकीचा निष्कर्ष काढण्यापूर्वी आकडे मांडून पाहू. झिरो डेपचा, म्हणजे घसारा कापला जाऊ नये म्हणून घेतलेल्या जादा संरक्षणाचा, उल्लेख तुम्ही केलेला नाही, म्हणजे ते घेतलेले नसावे असे मी धरतो. साध्या पॉलिसीत बदललेल्या सुट्या भागांवर घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, कापला जातो: प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के आणि काचेवर काहीच नाही. मजुरीवरही घसारा नसतो. रंगकामाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग सामानाचा समजतात आणि फक्त त्याच्यावर ५० टक्के कापतात.

त्याप्रमाणे तुमच्या प्लास्टिकच्या १५,००० मधून ७,५०० गेले आणि रंगकामाच्या १२,००० मधून १,५००. कूलंट आणि गॅस यांसारख्या खपून जाणाऱ्या वस्तूंचे २,००० वेगळे संरक्षण घेतले नसेल तर मिळत नाहीत. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपयांची अनिवार्य वजावट असते. बदललेल्या जुन्या पत्र्याची भंगार किंमतही वजा होते. ती ६५० रुपये असावी असे मी उलटा हिशेब करून काढले आहे. मागच्या बंपरचे ३,८०० धरल्यास एकूण १६,४५० होतात. म्हणजे तुम्ही भरलेल्या रकमेपैकी ७,३५० रुपये उरतात आणि हा आकडा २१,००० च्या बरोबर ३५ टक्के आहे.

इथे मात्र मी थांबलो. धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयानुसार ठरतो: पहिले सहा महिने काही नाही, वर्ष पूर्ण होईपर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पुढे दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यानंतर ५०. तुमच्या गाडीला अपघाताच्या दिवशी चार वर्षे पूर्ण झाली होती का? आरसी पाहून सांगा.

घाटवळण

वरचा हिशेब योग्य असला, तरी सर्व्हेअरचा निर्णय निमूटपणे मान्य करावा असे मला वाटत नाही. माझ्या गाडीचे दार बदलण्याऐवजी ठोकून घ्यावे असा शेरा त्याने मारला होता. दाराचे आतले पॅनल उघडल्यावर काचेची पट्टी वाकलेली निघाली, तेव्हा मी काम थांबवून पूरक इस्टिमेट करायला लावले, सर्व्हेअरला परत बोलावले आणि मग नवे दार मंजूर झाले. नवा भाग बसल्यानंतर जुना दाखवून उपयोग होत नाही.

दुसरे म्हणजे, दाव्याची किंमत बिलावर संपत नाही. समजा तुम्हाला चालू वर्षी ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, होता, तर पुढच्या वर्षी ४५ आणि त्यानंतर ५० मिळाला असता. आता शून्यापासून २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतील. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता ६,००० रुपये धरला, तर पाच वर्षांत हा फरक ७,२०० रुपयांवर जातो. तुमचा दावा मोठा असल्याने तो करणे योग्यच होते. पाच-सात हजारांच्या ओरखड्यासाठी मी करणार नाही.

कंदीपेढा

सर्वांचे आभार. झिरो डेप घेतलेले नाही; नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी दिसावा म्हणून ते मीच काढायला लावले होते. आता आरसी समोर घेऊन बसलो आहे. गाडी सप्टेंबर २०२१ मध्ये नवी घेतली आणि त्याच महिन्यात नोंदणी झाली. अपघात ९ ऑगस्ट २०२५ चा आहे.

घसाऱ्याचा हिशेब

म्हणजे गाडी चौथ्या वर्षातच होती आणि धातूवर २५ टक्के, म्हणजे ५,२५० रुपये कापायला हवे होते. फरक २,१०० रुपयांचा आहे. कंपनीकडून सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा, त्यात गाडीचे वय काय धरले आहे ते पाहा आणि आरसीची प्रत व खरेदीचे बिल जोडून कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला ईमेल करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे, तिथे शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही.

कंदीपेढा

रिपोर्ट आज मिळाला. वयाच्या रकान्यात '४ वर्षे ७ महिने' असे आहे, म्हणजे बहुधा उत्पादनाचे साल जानेवारीपासून मोजलेले दिसते. आरसीची प्रत जोडून ईमेल पाठवला आहे.